कोड सगळ्यांचा, चाव्या कुणाच्या?

प्रश्न : आमच्या मुक्त सॉफ्टवेअर गटाचे संस्थापक कामाला वाघ आहेत, पण नवख्यांना, विशेषतः मुलींना, चारचौघांत झापतात. तक्रार केली की ‘त्यांचं योगदान बघा’ असं ऐकवलं जातं. गट न फोडता जाब कसा विचारायचा?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : योगदानाचा मान राहील, पण त्यातून पदाचा हक्क मिळत नाही.

आधी चाव्या मोजा. डोमेन कुणाच्या नावावर आहे, सर्व्हरचा रूट (सर्वाधिकारी) पासवर्ड, नव्या आवृत्तीवर डिजिटल सही करायची किल्ली आणि बँकेतल्या सह्या कुणाकडे आहेत? प्रत्येक ठिकाणी किमान दोन माणसं हवीत. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना कोड फोर्क करू देतो, म्हणजे त्याची प्रत घेऊन कुणीही वेगळा प्रकल्प काढू शकतो. नाव आणि डोमेन मात्र मागेच राहतात. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या मुक्त सॉफ्टवेअर गटांच्या चॅट नेटवर्कचा ताबा हातचा गेल्यावर तिथल्या स्वयंसेवकांना लिबेरा चॅट हे दुसरं नेटवर्क नव्यानं उभारावं लागलं. चाव्या एकाच खिशात असताना तक्रार पुढे रेटली, तर सर्व्हर बंद होण्याच्या भीतीनं सभासद गप्प बसतात.

मग तिघांची समिती नेमा. त्यात संस्थापक नकोत, त्यांच्या कंपनीतलं कुणी नको. तक्रारीत तारीख, नेमके शब्द, स्क्रीनशॉट आणि साक्षीदार हवेत. ‘त्यांचा स्वभावच तसा’ यावर काहीच ठरवता येत नाही. कारवाईच्या पायऱ्याही आधीच लिहा : लेखी समज, तीन महिने मर्जचा (इतरांचे बदल मूळ कोडमध्ये घेण्याचा) अधिकार बंद, मग पदमुक्ती. ‘काढा’ आणि ‘राहू द्या’ एवढंच हाती असलं की सभेत दोन तट पडतात.

परतीची अटही लिहा. हे नेहमी राहून जातं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी टीकेनंतर सप्टेंबर २०१९ मध्ये स्वतःच स्थापलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं अध्यक्षपद सोडलं आणि मार्च २०२१ मध्ये फाउंडेशनच्या परिषदेत, संचालक मंडळावर परतल्याचं स्वतःच जाहीर केलं. परिषदेच्या आयोजकांनाही कल्पना नव्हती. रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीनं फाउंडेशनचा निधी थांबवला. डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पानं सभासदांचं मतदान घेतलं. या प्रकरणावर जाहीर निवेदन काढायचं नाही, असा कौल आला.

नमुना हवा तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाचा घ्या : सुकाणू मंडळात निवडून आलेले पाच जण, एका कंपनीचे जास्तीत जास्त दोन, दोन तृतीयांश मतांनी अविश्वास.

प्रकार लैंगिक छळाचा असेल, तर गटाच्या समितीवर थांबू नका. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात बिनपगारी स्वयंसेवकही येतात. दहापेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या संस्थेविरुद्धची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करा. विक्रोळी मुंबई उपनगर जिल्ह्यात येते.