पंचमस्तंभी : मुळात खांब नव्हेच

प्रश्न असा आहे : सरकारात अतिरेकी विचारांची माणसं शिरल्याचा आरोप झाला की त्यांना 'पंचमस्तंभी' म्हणतात. लोकशाहीचे चार स्तंभ ठाऊक आहेत, मग हा पाचवा कोणता? आणि 'अतिरेकी' व 'पंचमस्तंभी' समानार्थी आहेत का?

पाचवा स्तंभ नाहीच! 'लोकशाहीचा पाचवा स्तंभ पोखरला' हे वाक्य चर्चांमधून ऐकून कान किटले आहेत. या शब्दाचा लोकशाहीशी काही संबंध नाही, तो रणांगणातला आहे. १९३६ साली स्पेनच्या यादवी युद्धात बंडखोरांच्या चार तुकड्या माद्रिदवर चालून निघाल्या होत्या. 'पाचवी तुकडी शहराच्या आतच आहे', हे उद्गार जनरल एमिलिओ मोलाच्या नावावर आहेत. शहरातले छुपे समर्थक म्हणजे ती पाचवी तुकडी. स्पॅनिशमध्ये 'किंता कोलुम्ना'. कूच करणाऱ्या सैन्याच्या लांबलचक रांगेला इंग्रजीत 'कॉलम' म्हणतात, आणि खांबालाही 'कॉलम'च. आपल्या भाषांतरकारांनी तिचा खांब करून टाकला. गंमत म्हणजे 'चौथा स्तंभ'ही तसाच. तिथे मूळ शब्द 'इस्टेट', म्हणजे समाजातला वर्ग : धर्मगुरू, सरदार, सामान्यजन आणि चौथी वृत्तपत्रं. एकीकडे वर्गाचा खांब केला, दुसरीकडे तुकडीचा, आणि आता लोक दोन्ही खांब एकाच मांडवाला लावताहेत.

मराठीत फौजेच्या रांगेला 'फळी' हा अस्सल शब्द होता. आघाडीची फळी, फळी फोडणं. 'पाचवी फळी' म्हटलं असतं तर अर्थ आपोआप उलगडला असता, आणि शेजारी 'दुफळी' उभी राहिली असती. माझ्या मते दुफळीतली फळीही हीच : एका रांगेच्या दोन रांगा होणं. 'स्तंभ आता रूढ झाला, सोडून द्या' म्हणणारे भाषातज्ज्ञ मला अजिबात पटत नाहीत. ज्या रूढ शब्दामुळे असा प्रश्न विचारावा लागतो, तो रूढ असूनही चुकलेलाच आहे. कोणी 'घरभेदी' सुचवतात. शब्द सुरेख आहे, पण घरभेदी एकटा असतो. इथे अख्खी तुकडी हवी.

'अतिरेकी'चं म्हणाल, तर समानार्थी मुळीच नाही. पंचमस्तंभी ठरायला दोन गोष्टी लागतात : बाहेर शत्रू आणि आत लपवाछपवी. फेब्रुवारी १९५० मध्ये अमेरिकेचे सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट दडलेत असा आरोप केला, तो पंचमस्तंभीपणाचा होता. (तो त्यांना सिद्ध करता आला नाही आणि डिसेंबर १९५४ मध्ये सेनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्यांच्याच वर्तनाचा निषेध केला.) उलट, आपली टोकाची मतं जाहीर सभेत सांगून, निवडून येऊन मंत्री झालेला माणूस कितीही जहाल असला तरी पंचमस्तंभी नाही. तो पुढच्या दाराने आलेला असतो. त्याला 'शिरकाव' हा शब्दही लावू नये.