चांगली शिकलेली माणसंसुद्धा एखाद्या पंथाच्या इतकी कह्यात कशी जातात? ब्रेनवॉशिंग नेमकं होतं तरी कसं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की इंजिनिअर असलेला तुमचा भाऊ एका गुरुजींच्या भजनी लागलाय आणि घरात सगळे त्याला ‘डोकं गहाण टाकलंस का?’ म्हणून विचारतात. ते गुरुजी कोण, मला माहीत नाही. त्यामुळे मी मला माहीत असलेल्या एका पंथाबद्दल सांगते.

मी चार वर्षं टोकियोत नोकरीला होते. कासुमिगासेकी स्टेशनात रोज गाडी बदलायचे. दर २० मार्चला सकाळी ८ वाजता तिथले कर्मचारी माना खाली घालून स्तब्ध उभे राहतात. पहिल्या वर्षी मला काही कळेना. ऑफिसात एका वयस्कर सहकाऱ्याला विचारलं, तर तो एवढंच म्हणाला, ‘ओऽमु.’ म्हणजे आपला ॐ! (जपानीत याच उच्चाराचा दुसरा अर्थ पोपट असा होतो, ते मला नंतर कळलं.)

ओम शिनरिक्यो. २० मार्च १९९५ ला या पंथाच्या पाच जणांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सरीनच्या (मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या विषाच्या) पिशव्या ठेवल्या, छत्रीच्या घासून टोकदार केलेल्या टोकानं त्या फोडल्या आणि ते उतरून गेले. १४ माणसं गेली. त्यातली शेवटची बाई २५ वर्षं अंथरुणाला खिळून २०२० मध्ये गेली. जखमी हजारो. आणि पिशव्या फोडणारे कोण? पाचांपैकी एक हृदयाचा सर्जन आणि तिघं भौतिकशास्त्र शिकलेले, त्यातला एक तर थेट टोकियो विद्यापीठाचा. तेव्हा ‘शिकलेली असूनही’ हे आधी डोक्यातून काढा.

सुरुवात १९८४ मध्ये शिबुया भागातल्या एका साध्या योगवर्गापासून झाली. वर्ग घेणारा शोको असाहारा जवळजवळ अंध होता, आणि त्याआधी बनावट औषधं विकल्याबद्दल त्याला दंडही झाला होता. पण वर्गाला येणाऱ्यांना बरं वाटायचं, हे खोटं नव्हतं. त्या भौतिकशास्त्रवाल्या तिघांपैकी केनिची हिरोसे वासेदा विद्यापीठात शिकत होता. असाहाराची पुस्तकं वाचून त्याला घरीच कुंडलिनी जागृत झाल्याचा अनुभव आला. आता शास्त्र शिकलेला माणूस काय म्हणणार? ‘मी स्वतः पडताळून पाहिलंय.’ माझ्या मते फसगत नेमकी इथे होते. दीर्घ श्वसन, उपास, जागरण यांनी उजेड दिसणं, शरीर थरथरणं हे कोणालाही होऊ शकतं. अनुभव त्याचा स्वतःचा होता, पण त्याचा अर्थ गुरूनं पुरवला, आणि एकदा तो अर्थ घेतला की पुढचं सगळं त्याच दुकानातून घ्यावं लागतं.

तिथून पुढे पायऱ्या. शिबिर, मग दीक्षा, मग गुरूच्या मेंदूच्या लहरी आपल्यात उतरवणारी म्हणे विजेची टोपी, तिचं भाडं भरमसाट. शेवटी संन्यास: घरदार सोडायचं, सगळी मालमत्ता लिहून द्यायची, नवं नाव घ्यायचं. नावं कोणती, तर हिरोसे झाला संजय, आणि तो सर्जन, इकुओ हायाशी, झाला कृष्णानंद. फुजी पर्वताच्या पायथ्याशी ज्या इमारतीत सरीनचा कारखाना उभारला होता तिचं नाव ‘सत्यम् क्रमांक ७’. हे वाचताना मला कसंसंच झालं होतं. आपल्या देव्हाऱ्यातले शब्द तिथे सापडतील असं वाटलं नव्हतं.

संन्यास घेतल्यावर तीन-चार तासांची झोप, उकडलेल्या भाज्या, कानात गुरूच्या टेप आणि नरकाची भीती. झोप नाही म्हणजे विचार नाही, हे घरात तान्हं मूल असलेल्या कोणालाही समजेल.

पण माझ्या मते खरं कुलूप वेगळं होतं. गुरूनं छळ केला तर तो तुमचं वाईट कर्म झडावं म्हणून. गुरूनं अशक्य किंवा उघड वाईट काम सांगितलं तर ती तुमचा अहंकार मोडण्याची परीक्षा. तिला त्यांनी ‘महामुद्रा’ हे नाव दिलं होतं. म्हणजे ‘हे चुकतंय’ असं मनात आलं की चूक गुरूची नाही, तुमच्या मनाच्या मळाची. जितकी शंका जास्त, तितकी साधना वाढवायची. माणूस मारला तरी त्याच्या आत्म्याला वरच्या लोकात धाडलं, असं त्याचं समर्थन तयार. ज्यांना तरीही शंका आली, त्यांची आठवण पुसायला विजेचे झटके. ते झटके देणारा डॉक्टर हाच हायाशी. त्यानं पुढे सगळा कबुलीजबाब दिला म्हणून त्याला फाशीऐवजी जन्मठेप झाली. असाहारा, हिरोसे धरून १३ जणांना २०१८ च्या जुलैत फाशी दिली.

आता तुमच्या भावाबद्दल. त्याआधी ओमचीच आणखी एक गोष्ट. १९९० मध्ये असाहारानं निवडणुकीत २५ उमेदवार उभे केले आणि सगळे आपटले. त्यानंतर ‘जग आपल्यावर उठलंय’ हा सूर वाढतच गेला. अशा ठिकाणी घरच्यांचा विरोध गुरूनं आधीच वर्तवून ठेवलेला असतो. तुम्ही ‘डोकं गहाण टाकलंस’ म्हणालात की त्याला वाटतं, गुरुजी म्हणाले तसंच झालं! म्हणून गुरुजींचा विषयच काढू नका. आईचं गुडघ्याचं दुखणं, क्रिकेट, घरचे आंबे, जुने मित्र यावर बोला. फोन त्यानं उचलला पाहिजे, एवढंच सध्या बघा. पैसे मात्र देऊ नका, आणि कुठल्या कागदावर सही करायला निघालाय असं कळलं तर तडक वकील गाठा.

आणि तो पहिल्यांदा तिथे कशासाठी गेला होता, ते सहज विचारा. पाठदुखी, नोकरीतला ताण, एकटेपणा, काहीतरी असेल. ओमचा मुख्य वारस असलेला गट २००० पासून ‘आलेफ’ या नावानं चालतो आणि सरकारची त्याच्यावर नजर आहे. तरी त्यांना नवी मुलं मिळतातच. योगाच्या वर्गात. संस्थेचं नाव पहिल्या दिवशी सांगत नाहीत.