वाचकांचे प्रश्न : ग्रँडमा मोझेस आणि हार्डबोर्ड

प्रश्न : ग्रँडमा मोझेस या अमेरिकी शेतकरी बाईंनी न शिकता उतारवयात निसर्गचित्रं सुरू केली. प्रसिद्धी लगेच मिळाली का?

उत्तर : छे. अ‍ॅना मेरी रॉबर्टसन मोझेस (१८६०–१९६१) यांचा जन्म शेतावर राबण्यात गेला. संधिवातामुळे भरतकामाची सुई धरवेना, म्हणून सत्तरी उलटल्यावर त्यांनी ब्रश हाती घेतला. जत्रेत त्यांच्या जॅमला बक्षीस मिळालं, चित्रांना नाही! १९३८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हूसिक फॉल्स गावी औषधांच्या दुकानात मांडलेली त्यांची चित्रं लुई काल्डोर या संग्राहकानं पाहिली आणि होती तेवढी उचलली. किंमत तीन ते पाच डॉलर. न्यूयॉर्कमधलं पहिलं एकल प्रदर्शन ऑक्टोबर १९४० मधलं, म्हणजे ऐंशीव्या वर्षी. समीक्षकांनी ‘भोळीभाबडी’ ठरवलेली ही बाई कामाला मात्र पक्की कारागीर होती.

प्रश्न : त्यांच्यासारखं मीही हार्डबोर्डवर (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या तपकिरी बोर्डवर) तैलरंगात काम करते. पण रंग आठवडाभरात मळकट दिसतात आणि बोर्ड वाकतो.

उत्तर : मोझेस आधी फ्रेम निवडत, मग तिच्या मापाचा बोर्ड कापत. त्यावर जवसाचं तेल आणि मग पांढऱ्या मॅट रंगाचे तीन हात. तैलरंग वर्षागणिक पारदर्शक होत जातो आणि खालचा तपकिरीपणा वर येतो. त्याला हा पांढरा थर अडवतो. तुमचे रंग आठवड्यातच मेले, म्हणजे बोर्ड त्यांतलं तेल पितोय. अ‍ॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात द्या, एक आडवा, पुढचा उभा. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच घासा. जेसोखाली तेल मात्र लावू नका. जेसो पाण्यातला, तेलावर धरत नाही, पापुद्रे सुटतात. बोर्ड वाकतो तो एकच बाजू बंद केल्यामुळे: उघडी पाठ हवेतला दमटपणा ओढून फुगते. पाठीला आणि कडांनाही हात द्या. कडा सर्वांत जास्त पितात.

प्रश्न : मोझेस चित्र वरून खाली रंगवत, ते का?

उत्तर : आभाळ, डोंगर, झाडं, घरं, गुरं, शेवटी माणसं. जवळचं लांबच्याला झाकतं, म्हणून. फांद्यांच्या फटींत मागाहून आभाळ भरायला गेलात की प्रत्येक फांदीभोवती फिकट कड राहते. आभाळ बोटाला लागेनासं झाल्याशिवाय फांद्यांना हात लावू नका, नाहीतर हिरव्यात पांढरा मिसळून खडूसारखा रंग होईल. माणसांच्या आकृत्या त्या मासिकांतली कात्रणं ठेवून गिरवत. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. बर्फावर चमकी टाकू नये, असं जाणकारांनी सांगूनही त्या टाकतच राहिल्या. ऊन पडलं की बर्फ चमकतोच ना!