उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पाहून अमेरिकेत लोक खरंच मत बदलतात का?

बदलतात. फार थोडे, पण बदलतात, आणि त्या थोड्यांत मी होते. आमच्या घरात या प्रश्नावरून २००८ पासून भांडण चालू आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

मी ओहायोत राहते. २००८ साली नुकतंच नागरिकत्व मिळालं होतं, आयुष्यातलं इथलं पहिलं मत, आणि ते मी रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांना देणार होते. पाच वर्षांहून जास्त काळ व्हिएतनामच्या कैदेत काढलेला माणूस, वेळ पडली तर स्वतःच्या पक्षालाही सुनावणारा. मला आवडायचे. २९ ऑगस्टला त्यांनी आमच्याच राज्यात, डेटनला, उपराष्ट्राध्यक्षपदासाठी अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांचं नाव जाहीर केलं. त्याच दिवशी मॅकेन ७२ वर्षांचे झाले.

पाचव्या दिवशी, ३ सप्टेंबरला, गणपती बसले आणि त्याच रात्री पेलिनबाईंचं पक्षाच्या अधिवेशनातलं भाषण होतं. आरती झाली, जेवणं झाली आणि माझे दीर सगळ्यांना टीव्हीसमोर घेऊन बसले. हॉकी खेळणाऱ्या पोरांची आई आणि पिटबुल कुत्रा यांच्यात फरक काय, तर लिपस्टिक, हा बाईंचा विनोद झाला तेव्हा आमच्या दिवाणखान्यातही हशा पिकला. मीही हसले. बाई बोलायला फर्डी होती, खोटं कशाला बोलू. भाऊजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "वहिनी, झालं काम! हिलरीच्या सगळ्या बायका आता इकडे!" म्हणजे ओबामांकडून उमेदवारी हरलेल्या हिलरी क्लिंटनच्या बाजूच्या बायका.

माझे सासरे, अण्णा, तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. वय ७२च. दोन वर्षांपूर्वी बायपास झालेली. भाषण चालू असताना मी त्यांच्या गोळ्यांच्या डबीतला बुधवारचा रात्रीचा खण उघडून एकेक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवत होते. एक रक्तदाबाची, एक कोलेस्टेरॉलची, एक छोटी पांढरी. आणि एकदम मनात आलं, मॅकेनही याच वयाचे, वर कर्करोगातून उठलेले. उद्या काही झालं तर देश चालवणार या बाई, ज्यांना गव्हर्नर होऊन दोन वर्षंही झालेली नाहीत. ही काही माझी अशुभ कल्पना नव्हे. आजवर नऊ उपराष्ट्राध्यक्ष मधेच वर चढले आहेत, आठ वरचा गेला म्हणून आणि एक निक्सननी राजीनामा दिला म्हणून.

पुढे विसर्जन झालं रविवारी, आणि सोमवारी सकाळी लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली. त्या महिन्याच्या शेवटी टीव्ही पत्रकार केटी कुरिकनी मुलाखतीत पेलिनबाईंना विचारलं, तुम्ही कोणती वर्तमानपत्रं वाचता? एक नाव सांगता येईना. आमच्या शाळेत चौथीतल्या पोरीनंही काहीतरी ठोकून दिलं असतं. मी ओबामांना मत दिलं.

तेव्हापासून दर दिवाळीला भाऊजींचं एकच वाक्य: "बाईच बाईची वैरी." आता हे इथे एकदाच लिहून टाकते. मी पेलिनबाईंच्या विरोधात मत दिलंच नाही. ज्या माणसाला मी विचारी समजत होते, त्यानं एवढा मोठा निर्णय असा उरकला, म्हणून माझं त्याच्याबद्दलचं मत बदललं. माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल तर मॅकेनच्याच पक्षाचे, त्यांचे जुने मित्र. १९ ऑक्टोबरला त्यांनी ओबामांना पाठिंबा दिला तेव्हा हेच कारण दिलं, की या निवडीमुळे मॅकेन यांच्या निर्णयबुद्धीबद्दल शंका आली. त्यांना कुणी बाईचा वैरी म्हटलं नाही. डिव्हाइन आणि कॉप्को या दोन राज्यशास्त्रज्ञांनी बरीच आकडेमोड केली आहे, तिचा सूरही असाच: लोक दुसऱ्या नंबरला मत देत नाहीत, त्याच्यावरून पहिल्याला जोखतात.

बाकी "अमक्या राज्याचा घेतला की ते राज्य येतं" ही निव्वळ चॅनेलवाल्यांची चर्चा. २००४ ला जोडीला नॉर्थ कॅरोलिनाचे एडवर्ड्स घेऊन केरींना ते राज्य मिळालं नाही, रायन घेऊन रॉम्नींना विस्कॉन्सिन मिळालं नाही, बेंट्सन घेऊन डुकाकिसना टेक्सास मिळालं नाही. सगळे १९६० ला केनेडींनी घेतलेल्या टेक्सासच्या जॉन्सनचं उदाहरण देतात. ते मानते, टेक्सास पन्नास हजारांहून कमी मतांनी आलं होतं, तिथे जॉन्सनचा उपयोग झाला असेल. पण २०२४ मध्ये कमला हॅरिसनी वॉल्झऐवजी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर शापिरो घेतले असते तर ते राज्य आलं असतं, हे मला कुणी सांगू नये. तिथला फरक सव्वा लाखाच्या घरातला होता. आणि बायका बाई बघून मत देतात म्हणावं, तर १९८४ ला दोन नंबरला जेराल्डिन फेरारो ही बाई असताना माँडेल स्वतःचं मिनेसोटा सोडून एकही राज्य जिंकले नाहीत.

२०२० ला मी बायडेनना मत दिलं तर भाऊजी म्हणाले, "आता हॅरिस आपली म्हणून दिलंत!" म्हणजे आठला बाई असून दिलं नाही म्हणून चुकले, आणि वीसला बाई बघून दिलं म्हणून चुकले. वर टोमणा, की तेव्हा ७२ म्हातारे होते आणि आता ७७ चालतात? अहो, म्हणूनच तर दोन नंबरला कोण आहे ते आधी पाहिलं. कॅलिफोर्नियाची अ‍ॅटर्नी जनरल राहिलेली, सिनेटर. आवडो न आवडो, कामाची माहिती असलेली.

आता माझ्या विरोधात जाणारंही सांगते. पेलिनबाईंमुळे मॅकेनच्या सभांना गर्दी वाढली, पक्षाचे मरगळलेले कार्यकर्ते कामाला लागले. मॅकेनना पाडलं ते मुख्यतः लेहमनच्या सोमवारनंतरच्या बाजारानं. ओहायो ओबामांनी अडीच लाखांहून जास्त मतांनी जिंकलं, त्यात माझं एक कुठे पडलं देव जाणे. आणि मॅकेन गेले ते २५ ऑगस्ट २०१८ ला, म्हणजे दोन्ही कारकिर्दी आरामात पुऱ्या करून वर दीड वर्ष उरलं असतं. त्या संध्याकाळी भाऊजींचा फोन आलाच. "वहिनी, तुमच्या गोळ्यांच्या डबीचं काय झालं?"

काही बोलले नाही मी तेव्हा. आता बोलते: २००८ ला भाऊजी ग्रीन कार्डावर होते, त्यांना मतच नव्हतं.