दोन तासांचा पहारा

शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, त्यामुळे त्या दिवशी माझ्या मानसोपचाराच्या खोलीत येणाऱ्यांच्या हातात हटकून पिशव्या असतात. वहिनींच्या पिशवीतून हरमलच्या मिरच्या डोकावत होत्या. पिशवी खाली न ठेवताच त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "ताई, ह्यांना तुम्ही बरं केलंत, उपकार झाले. पण आता दुसऱ्यांची दुखणी ह्यांच्या गळ्यात घालू नका. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही त्यांच्या. परत पहिल्यासारखे झाले तर मी कुठे जाऊ?"

'हे' म्हणजे त्यांचे यजमान, पेडणे तालुक्यातले, फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार. (दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो. दारू सोडलेल्या मुलाची आई विचारते, नैराश्यातून उठलेल्या शिक्षिकेचा नवरा विचारतो. बुडता बुडता वाचलेल्याने पुन्हा पाण्यात का उतरायचं? बहुतेक वेळा मी धीर देऊन पाठवते. त्या दिवशी मात्र वहिनींचं म्हणणं अगदी बरोबर होतं आणि चूक माझी होती.

हवालदार काश्मिरात रोड ओपनिंग पार्टीत होते. सकाळी काफिला निघायच्या आधी पायी रस्ता तपासत जायचं, मोऱ्यांखाली, कडेच्या मातीत काही पुरलेलं नाही ना ते बघायचं. एका सकाळी पुरलेलं होतं. फौजेत जवानांच्या जोड्या लावून देतात, त्या जोडीदाराला बडी म्हणतात. त्यांचा बडी चार पावलं पुढे होता.

त्यानंतरही ते बरीच वर्षं नोकरीत राहिले आणि कागदावर कायम 'शेप-वन', म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. सैन्यात जवानाची तब्येत 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात आणि त्यातलं पहिलंच अक्षर मनाचं आहे. तिथला आकडा घसरला तर बढती अडेल आणि पलटणीत नाव खराब होईल, या धास्तीने फार जण तोंड उघडत नाहीत. हवालदारांनीही उघडलं नाही. ते पेन्शनीवर घरी आले, तेव्हा गावाला त्यांची शिस्त दिसली. रोज पहाटे चारला उठून व्हरांड्यात ताठ बसलेले! काय ती शिस्त! वहिनीही कौतुकाने सांगायच्या. ते 'स्टँड टू' होतं, पहाटेच्या हल्ल्याच्या तयारीत प्रत्येकाने आपल्या जागेवर सज्ज राहायचं ते. शत्रू दोन हजार किलोमीटर दूर राहिला होता आणि हे पेडण्यात त्याची वाट बघत होते.

बाकीचं हळूहळू कळत गेलं. रस्त्याकडेला कचऱ्याचं पोतं दिसलं की स्कूटर थांबायची. (आपल्या गोव्यात कचऱ्याची पोती कमी नाहीत, त्यामुळे बाजाराला जाऊन यायला अर्धा दिवस लागायचा.) एकदा डिचोलीच्या वाटेवर खनिजाच्या ट्रकाचा टायर फुटला, तर हे भर दुपारी शेताच्या बांधाआड आडवे झाले. नरकचतुर्दशीच्या पहाटे, फटाक्यांनी भरलेले नरकासुर गावोगाव पेटतात तेव्हा, न्हाणीघराला आतून कडी लावून बसायचे. अशा रात्री प्यायचेही. रोज नाही, फक्त वाईट रात्री. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

उपचार दीड वर्ष चालले. मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या आणि माझ्याकडची सत्रं. ती सकाळ पुन्हा पुन्हा, बारकाव्यांसकट बोलायची, तिचं ओझं कमी होईपर्यंत. मग पोत्यांच्या रस्त्याने स्कूटर न थांबवता जायचं, आधी माझ्याबरोबर, मग वहिनींबरोबर, मग एकट्याने. रात्रीची एक गोळी अजून चालू आहे. 'बरे झाले' हा घरच्यांचा शब्द. मी 'बरे होत आहेत' म्हणते.

दुसऱ्या फौजींना मदत करायचं हवालदारांचं काम सुरू झालं ते पेन्शनच्या कागदांतून. निवृत्त फौजींना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि आता ते सगळं 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत असतं. म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही. हवालदारांचा मोबाइलवर हात बसलेला, त्यामुळे नोव्हेंबरात त्यांच्या व्हरांड्यात रांग लागायची. त्या रांगेत एके दिवशी एक निवृत्त सुभेदार आले. अंगठा यंत्रावर ठरेना, हात थरथरत होता. सकाळचे दहा वाजले होते आणि तोंडाला वास येत होता. हवालदारांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि एवढंच विचारलं, "साहेब, झोप लागते?"

सुभेदारसाहेब रडायला लागले.

हे ऐकून मी हरखले. हाच सुभेदार कुटुंबाच्या आग्रहावरून माझ्याकडे एकदा येऊन गेला होता आणि अर्धा तास 'सब ठीक है'च्या पलीकडे सरकला नव्हता. हवालदारांनी विचारलं, "मॅडम, मी जात राहू त्यांच्याकडे?" मी म्हटलं, जरूर जा. एक कप चहा पाजला आणि आशीर्वाद दिला. माझ्याकडून एवढीच तयारी.

हवालदार गेले आणि मनापासून आपली गोष्ट सांगितली. "साहेब, मी एका दिवसात सोडली. इरादा पक्का पाहिजे." गोष्ट खरीच होती. पण ते वाईट रात्रीचे पिणारे होते आणि सुभेदारसाहेब सकाळपासूनचे. फौजी कॅन्टीनमधल्या दारूचा महिन्याचा कोटा दहा दिवसांत संपवून पुढे मिळेल ती घेणारे. हवालदाराला जमलं ते आपल्याला जमणार नाही? रँकचा स्वाभिमान निवृत्त होत नाही. साहेबांनी रविवारी बाटल्या मोरीत ओतल्या. मंगळवारी पहाटे त्यांच्या बायकोचा फोन आला. घामाने भिजलेत, हात थांबत नाहीत आणि अंगणात नसलेल्या जवानांना हुकूम देत आहेत.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर सहा-आठ तासांत थरथर सुरू होऊ शकते, दोन दिवसांच्या आत आकडी येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रमही होऊ शकतो. यात माणूस दगावूही शकतो. असं सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन करायचं असतं. हे मला माहीत होतं, हवालदारांना नव्हतं, आणि मी ते सांगितलं नव्हतं. वेळेवर दवाखान्यात नेल्यामुळे साहेब वाचले. हवालदार मात्र तीन रात्री व्हरांड्यात. "मॅडम, आणखी एक माणूस माझ्या पुढे चार पावलं होता," असं मला म्हणाले. म्हणून तर वहिनी त्या शुक्रवारी आल्या होत्या.

त्यांना मी काय सांगितलं? आधी माफी मागितली. मग म्हटलं, धोका खरा आहे, पण तो ह्यांच्या आजारामुळे आला नाही, मी त्यांना एकटं पाठवलं म्हणून आला.

मग त्यांना अमेरिकेतल्या फौजींचं सांगितलं. व्हिएतनामहून परतलेल्यांना डॉक्टरांशी बोलणं जमेना, तेव्हा 1970 च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये ते आपापसातच गोल करून बसू लागले. दोन-चार मनोविकारतज्ज्ञ त्यात येत, पण बोलणं सैनिकांचं असे. पुढे 1979 मध्ये सरकारने अशा लोकांसाठी वेगळी केंद्रं काढली. आज आपण ज्याला आघातोत्तर तणाव म्हणतो, तो अधिकृत निदानांच्या यादीत 1980 मध्ये आला, म्हणजे त्याच्याही नंतर. आता तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अशा मदतनीसाची रीतसर नोकरी असते. तिची कायद्यातली अट मी वहिनींना दोनदा सांगितली. उमेदवार माजी सैनिक असावा आणि मानसिक आजारातून 'बरा झालेला किंवा बरा होत असलेला' असावा. होत असलेला! म्हणजे रात्रीची गोळी आड येत नाही. पण त्याच कायद्यात प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही मागितलं आहे.

"ते अमेरिकेत," वहिनी म्हणाल्या.

मग गोव्यातलं सांगितलं. इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' संस्थेने डॉक्टर नसलेल्या, साध्या स्थानिक माणसांना शिकवून नैराश्याच्या आणि दारूच्या रुग्णांशी बोलायला बसवलं होतं. त्याचा उपयोग होतो हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण ती माणसं आठवडी बैठकीत एकमेकांची सत्रं ऐकायची, कुठे चुकलं ते बोलायची. पाठीशी कुणीतरी असायचं. ह्यांच्या पाठीशी काय होतं? माझा चहा.

पुढच्या गुरुवारी दोघं आली. मी नियमांचा कागद काढला, तो हवालदारांनी बाजूला सारला. "मॅडम, सोपं आहे. संतरी दोन तास उभा राहतो. मग दुसरा येतो. सहा तास उभा केला तर तो झाडावरही गोळी झाडतो." माझा कागद इतका नेमका नव्हता. त्यातूनच रीत ठरली. एका वेळी दोनच माणसं, तिसरा आला तर थांबेल. रात्रीचा फोन घ्यायचा नाही. रात्रीसाठी 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास चालू. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर 2023 पासून आहे. दारू आणि गोळ्यांबद्दल सल्ला द्यायचा नाही, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या डॉक्टरांपर्यंत सोबत जायचं. दर गुरुवारी माझ्याकडे यायचं, आणि समोरच्याचं काय झालं यापेक्षा आपल्याला काय झालं ते सांगायचं.

शेवटचं कलम वहिनींचं. हे बिघडायला लागले की कुणाला आधी कळतं? त्यांनी विचारही केला नाही. "स्कूटर तोंड रस्त्याकडे करून लावतात. रेडिओ मोठा करतात. आणि पहाटे व्हरांड्यात दिवा न लावता बसतात." त्या तीन खुणा कागदावर लिहिल्या. दिसल्या की वहिनींनी 'रिलीफ' (पहारा सुटला) म्हणायचं आणि हवालदारांनी पंधरा दिवस सुट्टी घ्यायची, हुज्जत न घालता. हवालदारांनी तिथेच हुज्जत घातली. नंतर सही केली.

त्यांची गोष्टही आम्ही छाटली. ते पूर्वी स्फोटाची सकाळ सांगायचे, कारण तीच मोठी वाटायची. समोरच्या फौजीच्या पदरी त्याची स्वतःची सकाळ असते, त्याला आणखी एक नको असते. मी विचारलं, बांबोळीला पहिल्यांदा गेलात तेव्हा काय झालं होतं? ते हसले. मनोरुग्णालयाच्या बाकावर तोंडाला रुमाल बांधून बसले होते, गावचं कुणी बघेल म्हणून. आणि खरंच गावचा एक जण भेटला, तोही रुमाल बांधून. बसमधून उतरताना कुणी विचारलं तर 'गोमेकॉत डोळे दाखवायला आलो' म्हणायचं (गोवा मेडिकल कॉलेजही बांबोळीलाच आहे), हेही तेव्हाच सुचलेलं. मी म्हटलं, हे सांगा. गोळीने पहिले पंधरा दिवस तोंड कोरडं पडतं ते सांगा. गेलात ते किती महिने टाळून गेलात तेही सांगा. या गोष्टी मी कितीही शिकले तरी माझ्या तोंडून पोचत नाहीत.

सुभेदारसाहेब दवाखान्यातून आल्यावर हवालदार पुन्हा त्यांच्याकडे गेले. दारातच कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "साहेब, चुकीची माहिती दिली. माफी." पाठोपाठ रुमालाची गोष्ट काढली. साहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हवालदार, ते रुमालाचं काय म्हणत होतास?" पुढच्या आठवड्यात दोघं एकाच बसने बांबोळीला गेले. एकाने डोळे दाखवायचे ठरवले आणि दुसऱ्याने दात.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर स्कूटरचं तोंड रस्त्याकडे वळलं. वहिनींनी 'रिलीफ' म्हटलं. हवालदार चार दिवस जेवताना बोलले नाहीत, पण पंधराचे एकवीस दिवस घरी राहिले. नरकासुराच्या रात्री सुभेदारसाहेब सपत्नीक त्यांच्याकडे आले. घराच्या मागच्या खोलीत, खिडक्या लावून, चौघांनी पहाटेपर्यंत पत्ते खेळले. बाहेर धडाधडा चाललं होतं. दोन्ही फौजी दर आवाजाला दचकत होते आणि एकमेकांकडे बघून पत्ता टाकत होते. उजाडल्यावर वहिनींनी दुधातले आणि ताकातले फोव (पोहे) वाढले.

परवा शुक्रवारी वहिनी पुन्हा आल्या. या वेळी पिशवी खाली ठेवली, नीट टेकून बसल्या.

"ह्यांचं ठीक चाललंय," त्या म्हणाल्या. "पण साहेबांची बायको आता मला फोन करते. रोज. दुपारी भांडी घासताना, रात्री झोपताना. तिचं सगळं ऐकते मी. माझ्यावरून गेलेलंच ते, कळतं मला. पण परवा रात्री फोन ठेवल्यावर मीच जाऊन व्हरांड्यात बसले. दिवा न लावता." थोडं थांबून म्हणाल्या, "माझ्या खुणा कोण बघणार, ताई?"

मी डायरी उघडली. गुरुवारची हवालदारांची वेळ चारची होती. तिच्याखाली पाचला वहिनींचं नाव लिहिलं.