भिंतीवर प्लेस्टेशन : आधी फक्त पिवळी पिन लावा

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. आमच्या घरी 2008 साली घेतलेला प्लेस्टेशन 2 आहे. धाकटा भाऊ मस्कतला असतो, तो यंदा पाच वर्षांनी गणपतीला घरी येतोय. शाळेत असताना आम्ही दोघं रात्र-रात्र त्यावर क्रिकेट 07 खेळायचो. जुना टीव्ही केव्हाच भंगारात गेला, म्हणून मी एक छोटा एलईडी प्रोजेक्टर घेतला. त्याला एव्हीचं एकच बारीक भोक आहे, हेडफोनसारखं. सोबत आलेली वायर हरवली, म्हणून डिशच्या सेट-टॉप बॉक्सची वायर लावली. दोन्हीकडे पिनाच आल्या, तेव्हा मध्ये जॉइंटर घातले. भिंतीवर 'नो सिग्नल' येतं आणि प्रोजेक्टरमधून नुसती घरघर ऐकू येते. दुकानदार म्हणतो कन्सोल गेला. खरंच गेलाय का?
— एक वाचक, लांजा

उत्तर : ताई, कन्सोल गेलेला नाही. ती घरघर म्हणजेच तुमचं चित्र आहे. ते चुकीच्या दाराने आत शिरलंय, एवढंच.

कन्सोलच्या पिवळ्या पिनेतून चित्राचा सिग्नल येतो. आपल्याकडच्या टीव्ही-सिग्नलच्या 'पाल' नावाच्या पद्धतीत तो सेकंदाला 50 वेळा वरून खाली भिंत रंगवतो. हाच सिग्नल स्पीकरला दिला तर त्याची 50च्या पट्टीतली घरघर कानाला स्पष्ट लागते. कराडात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे तीस वर्षं मी हा आवाज ऐकला. गिऱ्हाइकाने पिवळी पिन पांढऱ्या भोकात घातली असेल तर टीव्ही मागे न वळवताही कळायचं. तुम्हीही ऐकून बघा. कन्सोल चालू केल्याकेल्या घरघर एका जातीची असेल, डिस्क वाचून गेम सुरू झाला की तिचा पोत बदलेल. बदलली, तर तुमचा कन्सोल धडधाकट आहे आणि आत गेमही चालू आहे.

चूक त्या वायरीत आहे. बारीक जॅक नीट न्याहाळा. त्यावर तीन काळ्या रेघा आणि त्यांनी पाडलेले चार भाग दिसतील : टोक, मधल्या दोन कड्या आणि बूड. एक भाग चित्राचा, दोन डाव्या-उजव्या आवाजाचे आणि एक अर्थचा, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या तारेचा. कोणता भाग कशाचा, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने ठरवलंय. सेट-टॉप बॉक्सवाल्याचा क्रम वेगळा, जुन्या हँडीकॅमवाल्याचा वेगळा, तुमच्या प्रोजेक्टरवाल्याचा आणखी वेगळा. बाहेरून सगळ्या वायरी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, आणि माणूस फसतो तो इथेच.

आता असं करा. लाल आणि पांढरी पिन सरळ सोडून द्या. कन्सोलची फक्त पिवळी पिन आणि एकच जॉइंटर घ्या. कन्सोल चालू ठेवून ती पिवळी पिन बारीक जॅकवाल्या वायरीच्या पिवळ्या टोकाला जोडा, मग लाल टोकाला, मग पांढऱ्याला. रंगाकडे लक्ष देऊ नका. या सिग्नलचा जोर जेमतेम एक व्होल्ट असतो, चुकीच्या जागी लागला म्हणून काही जळत नाही. तीनपैकी एका ठिकाणी भिंतीवर चित्र उमटेल. त्या टोकावर लगेच पिवळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, पुढच्या वेळी शोधाशोध नको.

तिन्ही ठिकाणी काहीच आलं नाही तर अर्थचा भाग जुळत नाही असं समजा. मग पिना कितीही फिरवल्या तरी उपयोग नाही, वायर बदलावीच लागते. लांज्यात मोबाइल दुरुस्तीवाला असेलच, त्याच्याकडे मल्टिमीटर असतो. प्रोजेक्टर बंद करून एक काडी एचडीएमआयच्या भोकाच्या बाहेरच्या पत्र्याला लावायची, दुसरी बारीक वायरीच्या पिवळ्या पिनेच्या बाहेरच्या कड्याला. जॅक अर्थातच प्रोजेक्टरमध्ये खोचलेला हवा. बीप वाजली तर अर्थ जुळतोय, नाही वाजली तर दुसरी वायर. दोन मिनिटांचं काम आहे.

चित्र आलं पण काळं-पांढरं आलं, तर घाबरू नका. प्रोजेक्टरच्या मेन्यूत व्हिडिओची पद्धत निवडायची सोय असते, तिथे 'ऑटो' असेल ते काढून 'पाल' करा. अमेरिकेची किंवा जपानची डिस्क असेल तर उलट तिकडची पद्धत, 'एनटीएससी', करून बघा.

आवाजाचं काय, असं तुम्ही विचाराल. आवाज प्रोजेक्टरला देऊच नका. त्या डबीतला स्पीकर तळहाताएवढासुद्धा नसतो आणि शेजारी पंखा घुमत असतो. लाल-पांढरी घरातल्या होम थिएटरला किंवा जुन्या म्युझिक सिस्टिमच्या 'ऑक्स'ला लावा. बॅटवर बॉल आल्याचा तो 'टक' भाऊ ओळखेल, आणि तो दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून यायला हवा.

एक गोष्ट मी पोटतिडकीने सांगतो. तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल की एव्ही-टू-एचडीएमआयची पांढरी डबी घ्या, तीनशे-चारशेत मिळते, चित्र 'फुल एचडी' होतं. घेऊ नका. ती डबी पिवळ्या पिनेतलं तेच चित्र घेते आणि मोठं करून पुढे ढकलते. नसलेला बारकावा ती कुठून आणणार? उलट चौकोनी चित्र ताणून आडवं करते, खेळाडू बुटके-जाडे दिसतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वेळ खाते. कन्सोल आणि भिंत यांच्यामधलं प्रत्येक डबडं आलेलं चित्र क्षणभर हातात धरतं, मग सोडतं. पालमध्ये एक झलक, म्हणजे एकदा रंगवलेलं चित्र, 20 मिलिसेकंदांची. डबीने दोन झलका धरल्या, प्रोजेक्टरने आपल्या सफाईसाठी तीन धरल्या, की 100 मिलिसेकंद गेले. सिनेमा बघताना हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण 140 किलोमीटरच्या वेगाने येणारा बॉल तेवढ्या वेळात जवळजवळ चार मीटर पुढे जातो. भिंतीवर तो टप्पा पडताना दिसतो, तेव्हा कन्सोलच्या हिशेबात बॅटजवळ पोचलेला असतो. तुम्ही बरोबर वेळेला बटण दाबता आणि तरीही त्रिफळा उडतो. मग वाटतं, आपला हात गेला. हात गेलेला नसतो, ताई. पाच वर्षांनी आलेल्या माणसाला तसं वाटू देऊ नका.

उशीर होतोय का, ते कानाने तपासता येतं. आवाज थेट स्पीकरला दिलाय, त्याला वाटेत कुणी अडवत नाही. 'टक' आधी ऐकू आलं आणि बॅट मागून फिरली, तर चित्र मागे पडतंय. असं झालं तर प्रोजेक्टरच्या मेन्यूत 'गेम मोड' किंवा 'फास्ट' असं काही असेल ते चालू करा, चित्र गुळगुळीत करणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा, आणि कीस्टोन शून्यावर आणा. कीस्टोन म्हणजे तिरकं पडलेलं चित्र आतल्या आत सरळ करणं. त्याने चित्र पुसट होतं आणि बऱ्याच प्रोजेक्टरांत उशीरही वाढतो. त्यापेक्षा प्रोजेक्टरच भिंतीसमोर सरळ ठेवा. स्टुलावर पाट, पाटावर डबा, जे लागेल ते रचा. भिंग चित्राच्या उंचीत आलं आणि भिंतीशी काटकोनात राहिलं की कीस्टोनची गरजच पडत नाही.

शेवटचं, चित्र किती मोठं करायचं? सगळ्यांना वाटतं भिंतभर. मी म्हणतो 60 इंच, त्याहून मोठं नको. हिशेब साधा आहे. या कन्सोलचं चित्र आडवं साधारण 640 ठिपक्यांचं असतं. 4:3 आकारात 100 इंची चित्राची रुंदी 80 इंच, म्हणजे एकेक ठिपका तीन मिलिमीटरच्या वर गेला, बाजरीच्या दाण्याएवढा. 60 इंची चित्र 48 इंच रुंद, त्यात ठिपका दोन मिलिमीटरच्या आत, मोहरीएवढा. आठ फुटांवरून बाजरी डोळ्यांत भरते, मोहरी विरून जाते. शिवाय छोट्या प्रोजेक्टरचा उजेड मुळात बेताचा, तो लहान जागेत एकवटला की रंग उठून दिसतात. मेन्यूतला आकार 4:3च ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, राहू द्या.

पडदा विकत घेऊ नका. पांढऱ्या, चमक नसलेल्या रंगाची सपाट भिंत चादरीपेक्षा चांगली. चादर वाऱ्याने हलते, आणि गणपतीत तुमच्याकडे पाऊस-वारा असणारच. कंट्रोलरची वायर दोन-अडीच मीटरच पुरते, म्हणून कन्सोल तुमच्याजवळ जमिनीवर ठेवा आणि पिवळी वायर लांबवा. लांबवायला डिशची काळी केबल उत्तम. ती 75 ओहमची असते, या सिग्नलला नेमकी तीच लागते. केबलवाल्याला सांगितलंत तर तो दोन टोकांना आरसीए पिना, म्हणजे या पिवळ्या-लाल पिनांसारख्याच, बसवून देईल. दहा मीटरपर्यंत काही फरक पडणार नाही.

भाऊ आला की पहिली बॅटिंग त्याला द्या, आणि कसं झालं ते मला नक्की कळवा.

प्रश्न : ऑफिसने मोडीत काढलेला प्रोजेक्टर मी विकत घेतला. उजेड उत्तम आहे. त्याला एचडीएमआय आणि निळं 15 पिनांचं भोक आहे, पिवळं नाही. प्लेस्टेशन 2च्या मागे लावायचा छोटा एचडीएमआय अडॅप्टर आणला. मित्राच्या टीव्हीवर चित्र येतं, पण सगळे रंग विचित्र. माझ्या प्रोजेक्टरवर तर काहीच येत नाही. अडॅप्टर खराब का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : अडॅप्टर ठीक असावा. तुमच्याकडे दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्यात.

रंगांची अडचण कन्सोलच्या आतली आहे. डिस्क काढून कन्सोल चालू करा, 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये जा, तिथे 'कॉम्पोनंट व्हिडिओ आउट' आहे. ते 'आरजीबी'वर असेल, 'वाय-सीबी-सीआर'वर आणा. मात्र हे करताना साधी पिवळी वायर लावून कुठल्यातरी टीव्हीवर करा, कारण बिघडलेल्या रंगांत मेन्यू वाचता येत नाही. अडॅप्टर आणि एव्ही वायर दोन्हींची जागा एकच असल्याने आधी एक, मग दुसरं.

प्रोजेक्टरवर चित्र न येण्याचं कारण वेगळं. हा अडॅप्टर चित्र मोठं करत नाही, आहे तसं 480आय किंवा 576आय, म्हणजे 480 किंवा 576 ओळींचं जुन्या टीव्हीचं चित्र, पुढे देतो. त्यामुळे तो वेळ खात नाही, म्हणून मला तो त्या पांढऱ्या डबीपेक्षा कितीतरी आवडतो. पण ऑफिसचे प्रोजेक्टर कॉम्प्युटरसाठी बनवलेले, त्यातले बरेच एचडीएमआयवर असला जुना सिग्नल घेतच नाहीत. अडॅप्टरला वीज मिळतेय ना तेही बघा. त्याची यूएसबी शेपटी कन्सोलच्या पुढच्या भोकात खोचावी लागते.

तुमचा खरा रस्ता ते निळं भोक आहे. प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तकात त्या भोकापुढे 'कॉम्प्युटर / कॉम्पोनंट' असं लिहिलंय का आणि यादीत 480आय, 576आय आहेत का, ते पाहा. असतील तर तुमचं नशीब जोरावर आहे. प्लेस्टेशनची हिरवी-निळी-लाल अशी कॉम्पोनंट वायर घ्या. प्लेस्टेशन 3ची मिळाली तरी चालते, मागची जागा तीच आहे. ती 15 पिनांच्या कॉम्पोनंट वायरीला जोडा आणि मेन्यूत इनपुट 'कॉम्पोनंट' करा. कॉम्प्युटरची नेहमीची वायर मात्र नको. रंगाची माहिती वेगवेगळ्या तारांतून आली की चित्र पिवळ्या पिनेपेक्षा स्पष्ट दिसतं, अक्षरांच्या कडांवरची ती रंगीत मुंग्यांची रांग जाते. मी हे माझ्या पुतण्याच्या घरी लावून दिलं तेव्हा गाडीच्या मीटरवरचे आकडे पहिल्यांदा वाचता आले.

प्रश्न : माळ्यावर कॅसेटवाला जुना व्हिडिओ गेम सापडला, बंदुकीसकट. तो प्रोजेक्टरवर चालतोय, पण बदकं मरत नाहीत. मुलगी हिरमुसली आहे. बंदूक दुरुस्त होईल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : बंदूक बहुधा चांगलीच आहे. ती गोळी मारत नाही, ती बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. त्याला त्याच क्षणी तो पांढरा चौकोन दिसला, तर नेम लागला. हे सगळं काचेच्या जुन्या डबा टीव्हीसाठी आखलेलं होतं. त्यात चित्र आलं की त्याच क्षणी पडद्यावर उमटतं, आणि त्या उजेडाची फडफडही बंदुकीतल्या सर्किटला ओळखीची असते. प्रोजेक्टरचं चित्र उशिरा येतं, त्याच्या उजेडाची जातही वेगळी. बंदूक बघते तेव्हा बदक अजून तिथे आलेलंच नसतं.

त्यामुळे दुरुस्तीला पैसे घालू नका. ओळखीत कुणाकडे पाठीला फुगीर टीव्ही अडगळीत असेल तर मागून आणा, 14 इंची असला तरी पुरे. मुलीला सहा फुटांवर बसवा आणि खोलीतला दिवा घालवा. बाकीच्या कॅसेटी प्रोजेक्टरवर खुशाल चालू द्या.