पदक नाही, पण चार सुवर्णजोड्या

प्रश्न : जोड्यांचं फिगर स्केटिंग बघताना कठड्यापाशी एक लहान चणीच्या, वयस्कर प्रशिक्षिका दिसतात. त्या तमारा मोस्कविना, असं कळलं. त्या स्वतः किती मोठ्या खेळाडू होत्या? मोठा खेळाडूच मोठा प्रशिक्षक होतो का?
— एक वाचक

उत्तर : मोस्कविनाबाईंबद्दल कुणी विचारलं की मला फार बरं वाटतं. आधी त्या एकेरी खेळायच्या आणि सोव्हिएत संघाच्या पाच वेळा विजेत्या होत्या. मग अलेक्सेई मिशिन यांच्याबरोबर जोडीत उतरल्या. १९६८ च्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये ही जोडी पाचवी आली, १९६९ च्या जागतिक स्पर्धेत तिला रौप्य मिळालं. ऑलिंपिक पदक मात्र नाहीच.

पण प्रशिक्षक म्हणून? १९८४ मध्ये वालोवा-वासिलिएव्ह, १९९२ मध्ये मिश्कुत्योनोक-दिमित्रिएव्ह, १९९८ मध्ये काझाकोवा-दिमित्रिएव्ह, २००२ मध्ये बेरेझनाया-सिखारुलिद्झे. चारही ऑलिंपिक सुवर्णं त्यांच्या शिष्यांची. दिमित्रिएव्ह यांचं नाव दोनदा आलंय, ते बघा. जोडीदार बदलली, तरी सुवर्ण आलं. माझ्या मते बाईंचं खरं कौशल्य इथे दिसतं. दोन उत्तम स्केटर एकत्र आणले म्हणजे जोडी होत नाही, ती घडवावी लागते.

'डेथ स्पायरल' नीट बघा. पुरुष एका पायाचं टोक बर्फात रोवून जागच्या जागी फिरतो. त्याचा हात धरून ती पात्याच्या एकाच कडेवर, डोकं बर्फाला टेकेल इतकी आडवी होऊन त्याच्याभोवती घिरट्या घालते. त्याने थोडं जास्त ओढलं तर ती वर उचलली जाते, हात सैल सोडला तर आपटते. 'थ्रो'मध्ये तो तिला फेकतो, पण उतरताना ती एकटी असते, मागच्या दिशेने, एका पायावर. ज्या बाईने हे स्वतःच्या अंगावर घेतलंय, ती शिकवताना नुसती उडी बघत नाही, फेकणाऱ्याचा हात कधी सुटला तेही बघते.

येलेना बेरेझनायाचं उदाहरण तर विलक्षण आहे. १९९६ च्या जानेवारीत सराव करताना तेव्हाच्या जोडीदाराच्या स्केटचं पातं तिच्या डोक्यात घुसलं. मेंदूची शस्त्रक्रिया झाली, बोलणंसुद्धा नव्याने शिकावं लागलं. मोस्कविनाबाईंनी तिला सेंट पीटर्सबर्गमध्ये सिखारुलिद्झेबरोबर उभं केलं. १९९८ मध्ये नागानोला या जोडीने रौप्य जिंकलं, आणि त्यांच्यापुढे सुवर्ण घेणारी जोडीही बाईंचीच होती!

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही, त्यासाठी पदक लागत नाही. शिकवण्यासाठी वेगळी नजर लागते, आणि ती मिशिन यांच्याकडेही होती. ते एकेरीचे प्रशिक्षक झाले. १९९४ चा ऑलिंपिक विजेता उर्मानोव्ह आणि २००६ चा प्लुशेन्को हे दोघेही त्यांचेच शिष्य.